गोव्याचं नाव आणि गोव्यातलं राहणं

पुण्याच्या एका निवृत्त जोडप्याचा प्रश्न आहे: "पुढची वर्षं गोव्यात काढावीत असं फार मनात आहे. पण बोलून दाखवल्यापासून सगळे हसतात. दारू, कॅसिनो, लुबाडणारे टॅक्सीवाले, दुपारी झोपणारी माणसं, अर्धं पोर्तुगीज वातावरण, तिथे जाऊन करणार काय, म्हणतात. तुम्ही तिथलेच. यातलं खरं किती?"

मी फोंडा तालुक्यातला. जन्म इथला, शाळा इथली, आणि आयुष्य गेलं परवानाधारक टुरिस्ट गाईड म्हणून. म्हणजे ज्या लौकिकाबद्दल तुम्ही विचारताय, तो विकूनच माझी चूल पेटली. त्यामुळे मला फार साळसूदपणे "छे छे, आमचा गोवा तसा नाहीच" असं म्हणता येणार नाही. तसा गोवा आहे. फक्त तो किती आहे आणि कुठे आहे, हे तुमच्या नातेवाईकांना कुणी सांगितलेलं नाही. सांगण्याची गरज आम्हालाही कधी वाटली नाही, कारण धंदा चालला होता.

हा लौकिक तयार कसा होतो ते बघायचं तर टूर बसचा दिनक्रम बघा. एक दिवस 'नॉर्थ गोवा': आग्वादचा किल्ला, कळंगुट, हणजूण, वागातोर. दुसरा दिवस 'साऊथ गोवा': जुने गोवेची चर्च, मंगेशी, दोना पावल, मिरामार आणि संध्याकाळी मांडवीत नाचगाण्याची बोट. यातलं जुने गोवे, दोना पावल, मिरामार हे सगळं तिसवाडीत, म्हणजे उत्तर गोव्यात. ती 'साऊथ'ची बस बहुतेक वेळा मडगावचं तोंडही बघत नाही. मधे काजूच्या दुकानावर थांबा असतो, कारण तिथे कमिशन आहे. बोटीवर कमिशन आहे, जेवणाच्या जागी कमिशन आहे. देवळात कमिशन नाही, म्हणून तिथे "पाऊण तासात बसजवळ या". पाहुणा दोन दिवसांत जे बघतो ते असं ठरलेलं असतं, आणि घरी जाऊन तो "गोवा पाहिला" म्हणून जे सांगतो तोच पुढच्या पाहुण्यासाठी गोवा होतो. दूधसागरचा धबधबा आणि काणकोणचा पाळोळे किनारा सोडला तर डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे हे तालुके कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. राज्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर; तुमच्या पुणे जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. एवढ्याशा राज्यातही बार्देशच्या किनाऱ्याची एक पट्टी सगळ्यांच्या वतीने बोलते.

ही पट्टी मुळात कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची. साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी हणजूण-कळंगुटला येऊन राहिले. 1983 च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेला आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीला इथे आणले गेले, त्यासाठी रस्ते-दिवे झाले. 1987 पासून युरोपातून थेट चार्टर विमानं उतरू लागली. मग हिंदी सिनेमाने तीन मित्र, एक उघडी गाडी आणि समुद्र असं चित्र घरोघरी पोचवलं. चार्टरवाला गोरा पाहुणा शांतपणे पंधरा दिवस पुस्तक वाचत पडायचा. आताचा देशी पाहुणा शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परततो, आणि त्या दोन दिवसांत त्याला सगळं उरकायचं असतं. आमच्या गावांची जी दमछाक झाली ती या घाईने.

"अर्धं पोर्तुगीज" हा समज मात्र मी रोज खोडत आलो आणि तरी तो खोडला गेला नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार. त्यात हिंदू 66 टक्के, ख्रिश्चन 25 टक्के. पाहुण्यांना हे आकडे उलटे करून सांगितले तर ते पटकन विश्वास ठेवतात. याचं कारण इतिहासात आहे. 1510 मध्ये पोर्तुगीज आले ते तिसवाडीत. पुढे बार्देश आणि सासष्टी त्यांच्याकडे गेली. या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, केपे, सांगे, काणकोण हे तालुके त्यांना मिळाले ते थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून नव्या काबिजादींत देवळं राहिली आणि माणसं आपापल्या धर्मात राहिली. मंगेशीचा देव मूळचा कुशस्थळीचा, आताच्या कुठ्ठाळीचा. सोळाव्या शतकात तिथली देवळं पाडली जाऊ लागली तशी भक्तांनी देव उचलून जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेला, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. माझ्या तालुक्यात इतकी मोठी देवळं का, याचं हे उत्तर. बसमधून उतरलेला पाहुणा दीपमाळ बघून "अरे, इथे देवळंही आहेत?" म्हणतो, तेव्हा त्याला हे सगळं पाऊण तासात सांगायचं असतं.

जाहिरातीत 'पोर्तुगीज व्हिला' म्हणून जी घरं विकतात, त्यांतली बहुतेक पोर्तुगिजांनी बांधलेली नाहीतच. ती इथल्याच भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, इथल्याच गवंड्यांनी उभारलेली. चांदरचा मिनेझिस ब्रागांझांचा वाडा बघा. ते घराणं चांदरचंच. पण 'व्हिला' म्हटलं की भाव चढतो.

तुम्ही मराठी वाचणारी माणसं, म्हणून एक गोष्ट जरा सावकाश सांगतो. मार्गशीर्षापासून पुढे फोंडा, डिचोली, पेडण्याच्या गावांत जत्रा सुरू होतात. पालखी देवळाभोवती फिरते, मग बाहेर मांडवात नाटक. मराठी नाटक, आणि करणारे गावचेच: कुणी बँकेत कारकून, कुणी सरकारी कदंब बसवर कंडक्टर, शिवाजीचं काम वर्षानुवर्षं एकाच घराकडे. पडदा वर जायलाच मध्यरात्र होते. बायका चटया घेऊन संध्याकाळीच जागा धरतात, मुलं खाज्यांच्या पुड्या मांडीवर ठेवून पहिल्या अंकातच झोपतात. खाजें म्हणजे बेसनाच्या कांड्यांवर गुळाचा आणि आल्याचा पाक. ते जत्रेतच घ्यायचं. प्रॉम्प्टरचा आवाज नटापेक्षा मोठा येतो आणि त्यावर कुणी हसत नाही. पहाटे नाटक संपलं की तीच माणसं आंघोळ करून कामावर जातात. सासष्टीत याच उत्साहाने तियात्र होतं, कोकणीतून. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी ही माणसं या मातीतली. अभिषेकी सोडले तर आडनावातच गाव आहे. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं सोमेश्वराचं देऊळ वर येतं आणि विस्थापित झालेली घरं जत्रेला परत येतात. यातलं काहीही तुमच्या नातेवाईकांनी ऐकलेलं नसेल.

जाता जाता सावध करतो. "गोवा खरं तर महाराष्ट्रातच यायला हवा होता" आणि "कोकणी म्हणजे मराठीची बोली" ही दोन वाक्यं पुण्यातच ठेवून या. 16 जानेवारी 1967 रोजी इथे जनमत कौल झाला आणि 34,021 मतांच्या फरकाने गोव्याने विलीनीकरण नाकारलं. माझ्या घरात आजोबा एका बाजूला आणि काका दुसऱ्या बाजूला होते; कित्येक घरांत असंच होतं. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली, आणि त्यावरचा वाद अजून अधूनमधून पेटतो. तुम्हाला मराठी वर्तमानपत्र रोज दारात मिळेल, दुकानात-कचेरीत मराठीवर भागेल. तरी चार वाक्यं कोकणी शिका. माणसं लगेच मोकळी होतात.

आता आळसाचं. 'सुशेगाद', म्हणजे निवांत, हा शब्द पर्यटनवाल्यांनी टी-शर्टवर छापला आणि आम्ही सगळे त्याखाली आलो. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात हे खरं, आणि मला त्याची लाज कधीच वाटली नाही. मे महिन्यात इथल्या घामात दुपारी काउंटरवर बसून बघा. तीच माणसं रात्री आठपर्यंत दुकानात असतात. पोदेर, म्हणजे पाववाला, रात्री पीठ मळतो आणि उजाडायच्या आत सायकलचा भोंगा वाजवत दारात असतो. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात. 2012 पर्यंत तर डिचोली-सांग्याच्या खाणींतून निघालेलं खनिज ट्रकांतून आणि मांडवी-जुवारीच्या बार्जांतून रात्रंदिवस मुरगाव बंदराकडे जात होतं. रस्त्याकडेच्या झाडांची पानं लाल असायची. त्या वर्षी खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 88 लीज रद्द झाली. हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात गंजले. पर्यटनाच्या राज्यात पर्यटनाबाहेरचा एवढा मोठा धंदा बसला, हे कळंगुटला बिअर पिणाऱ्याला कळलंही नाही.

पण आळसाच्या आरोपात एक खरी गाठ आहे आणि ती आम्हीच बोलून दाखवत नाही. आमच्या पोरांना सरकारी नोकरी हवी असते. नाहीतर बोटीवरची नोकरी, आखात, किंवा 1961 पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोप; ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडही. मागे उरलेली कामं बाहेरून आलेली माणसं करतात. ट्रॉलरवरचे खलाशी ओडिशा-झारखंडचे, बांधकामावर कर्नाटक-बिहारचे, कित्येक बेकऱ्यांतही भट्टीशी उभा असलेला माणूस आता बाहेरचा. आणि त्यांनाच आमच्यातले काही जण 'घाटी' म्हणून हिणवतात. गोंयकार फार प्रेमळ, असा लौकिकही आहे ना? तो या माणसांना विचारून बघा.

दारूबद्दल फार लांबण लावत नाही. अबकारी कर कमी म्हणून स्वस्त, परवाने मुबलक म्हणून दर वळणावर बार. गावच्या माणसाचं पिणं वेगळं: संध्याकाळी तावेर्नात एक पेग, कालच्या फुटबॉलवर वाद, आठला घरी. सगळेच आठला घरी जात नाहीत, आणि दारूने उठलेली घरं प्रत्येक वाड्यावर आहेत, तेही सांगायला हवं. फेणी मात्र मान देऊन प्या. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली आपोआप पडलेली काजूची बोंडं गोळा करायची, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, बोंडं कोळंब्यात, म्हणजे त्यासाठीच्या कुंडात, तुडवायची, रस आंबवून भाटीवर चढवायचा. पहिल्या धारेची ती हुर्राक, हलकी, उन्हाळ्यातच संपवायची. तीच पुन्हा रसात मिसळून उकळली की फेणी. या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किनाऱ्यावर शोभेच्या बाटलीत जे विकतात त्यातलं बरंचसं भाटीवाला स्वतः पिणार नाही.

कॅसिनोच्या बोटी पणजीसमोर मांडवीत उभ्या असतात आणि रात्री शहरापेक्षा जास्त झळकतात. प्रत्येक निवडणुकीत "हलवू" म्हणून आश्वासन मिळतं, प्रत्येक सरकारात त्या तिथेच राहतात. 2020 पासून गोमंतकीयांना तिथे खेळायला प्रवेश बंद आहे. म्हणजे आमच्या राजधानीच्या नदीतला हा उद्योग आमच्यासाठी वाईट आणि तुमच्यासाठी चांगला, असं सरकारचंच म्हणणं झालं. तुमचा आणि त्याचा संबंध एवढाच येईल की शनिवारी रात्री पणजीत गाडी लावायला जागा मिळणार नाही.

टॅक्सीवाल्यांचा मुद्दा मला समजतो, त्यांचं भाडं समजत नाही. किनाऱ्यावर हॉटेलं झाली तेव्हा ज्यांची शेतं आणि होड्यांच्या जागा गेल्या, त्यांच्या पोरांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. धंदा पाच-सहा महिन्यांचा, पावसात शून्य. म्हणून ॲपच्या टॅक्सींना त्यांचा जीव तोडून विरोध, आणि ओला-उबर इथे चालत नाहीत. पण मीटर न टाकता तोंडाला येईल ते सांगायचं, दुसऱ्याची गाडी अडवायची, याला काय म्हणणार? या एका बाबतीत तुमचे नातेवाईक बरोबर आहेत. इथे राहणारा माणूस मात्र टॅक्सीत क्वचितच बसतो. मोपा आणि दाबोळी दोन्ही विमानतळांवरून कदंबच्या बस सुटतात, पणजी-म्हापसा-मडगाव-वास्कोला शटल आहे, आणि एकट्या माणसाला 'पायलट', म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल. अडचण एकच: आतल्या गावांत अंधार पडला की बस संपते.

एवढ्या आरोपांवर मी वाद घालत बसलो, पण लौकिकाचं खरं नुकसान याहून निराळं आहे. दारुड्यांचं राज्य म्हटलं तर आमच्या अंगाला भोकं पडत नाहीत. नुकसान होतं जमिनीचं. 'गोव्यात आपलंही एक घर' ही हौस दिल्ली-मुंबई-हैदराबादच्या माणसाला या लौकिकानेच लावली. आसगाव, शिवोली, हळदोणे, सांगोल्डा या गावांत फिरा: डोंगर उभा कापलेला, त्यात ओळीने व्हिला, प्रत्येकाला पोहण्याचा तलाव, आणि खालच्या वाड्यावरची विहीर मार्चमध्येच तळाला. यातली कितीतरी घरं वर्षातले दहा महिने कुलपात. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि तीच लाट पेडण्यात शिरली. ज्या गावात बापाचा जन्म गेला तिथे मुलाला दोन खोल्यांचा फ्लॅट परवडत नाही.

लोक गप्प बसले असं नाही. 2011 सालापर्यंतच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध एवढं मोठं आंदोलन झालं की 2007 च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढे नगरनियोजन कायद्यात 17(2) हे कलम आलं, त्याखाली एकेक भूखंड 'चूक दुरुस्ती' म्हणून हरितपट्ट्यातून वसाहतीत जाऊ लागला. त्याचे नियम 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. ग्रामसभा तर इथे रविवारी अशी रंगते की पंचांना पळता भुई थोडी होते. आणि तरीही विकणारे आम्हीच आहोत. दलाल गावचा, सही गावच्याची. बाहेरच्यांनी गोवा विकत घेतला असं आम्ही म्हणतो तेव्हा विकला कुणी, हे सांगायला सोयीस्करपणे विसरतो.

मग तुम्ही यावं का? या. फक्त पट्टीवर राहू नका. फोंडा शहर, डिचोली, केपे, मडगावच्या मागची गावं बघा. म्हातारपणी दवाखाना जवळ हवा: बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज, ज्याला इथे सगळे 'गोमेकॉ' म्हणतात, त्याची परंपरा 1842 पासूनची आहे आणि गुंतागुंतीचा आजार झाला की श्रीमंतही शेवटी तिथेच जातो. फोंड्याहून गाडीने ते लांब नाही. मासे खात असाल तर जून-जुलैची ट्रॉलरबंदी लक्षात ठेवा. तेव्हा सुकं, नाहीतर खाडीचं. चवथीला गणपतीसोबत सगळा गोवा घरी जातो, प्लंबर आठवडाभर फोन उचलत नाही. याला आळस म्हणू नका, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या सजावटीला, लागणारी रानफळं बाजारात शोधण्यात तोही गुंतलेला असतो.

घर एकदम घेऊ नका. आधी वर्षभर भाड्याने राहा आणि त्यात जून ते सप्टेंबर नक्की धरा. कपडे न वाळणं, भिंतीला बुरशी, तासन्‌तास वीज नसणं, हे ज्याला सोसतं त्यालाच गोवा सोसतो. नंतर घ्यायचं ठरलं तर एक-चौदाचा उतारा (तुमच्या सात-बारासारखा), झोनिंगचा दाखला आणि बिनशेतीची सनद स्वतः कचेरीत जाऊन काढा. जागेवर मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर हक्काने राहणारं कुटुंब, आहे का ते शेजाऱ्याला विचारा, कागदावर ते नेहमी दिसत नाही. भातशेतीची जमीन "बिनशेती करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. 2023 च्या कायद्यानंतर ती शेतकरी नसलेल्याला विकताच येत नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे इथे लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची सामाईक असते आणि मुलांचा वाटा कायद्याने राखलेला असतो. म्हणून जुन्या घराला दहा-बारा वारस निघतात, एक लिस्बनला, एक इंग्लंडात स्विंडनला, दोन मुंबईला. त्या प्रत्येकाची, आणि प्रत्येकाच्या नवऱ्याची किंवा बायकोची सही झाल्याशिवाय इसाराचा रुपयाही देऊ नका. वकील मडगावचा किंवा फोंड्याचा घ्या, आणि तो दलालाने सुचवलेला नसावा.